बेचाळीस गाठींचा दोरा

माशाच्या डोक्यात खडा असतो, हे मथुराबायला कुणी शाळेत शिकवलं नव्हतं. घोळीचं डोकं कोयत्याने दुभंगलं की मेंदूच्या दोन अंगांना दोन पांढरे खडे निघतात, चिंचोक्याएवढे, हे तिला सासूने दाखवलं. लग्न होऊन ती वेळंबे बंदरात चोगल्यांच्या घरी आली ते साल दोन हजार एक. त्या साली नारळी पुनवेनंतरची पहिली घोळ लागली. सासूने एक खडा समुद्राला दिला, दुसरा नव्या सुनेच्या तळहातावर ठेवला आणि म्हणाली, "हा तुझा मान. सांभाळ."

त्या घरातली रीतच तशी होती. सून आली की तिचा नवा दोरा सुरू व्हायचा. जाळं विणायच्या दोऱ्याचीच एक बारीक पिशवी करायची, त्यात खडा घालायचा आणि वर गाठ मारायची. वर्षाला एक गाठ. दोरा देव्हाऱ्यात टांगायचा आणि सणासुदीला त्याला तेलात कालवलेला शेंदूर लावायचा. दोन हजार बेचाळीस सालापर्यंत मथुराबायच्या दोऱ्याला बेचाळीस गाठी झाल्या होत्या. त्यांतल्या दोन रिकाम्या होत्या. त्या दोन वर्षी घरच्या होडीला घोळ लागलीच नव्हती.

आता अतळबद्दल सांगायला हवं. शहरांनी पंधरा-वीस वर्षं विजेवरच्या गाड्या चालवल्या, घराघरांवर सौर तावदानं बसवली. ती सगळी जुनी झाली. त्यांच्या बॅटऱ्या जाळून जी राख उरायची तिच्यात शिसं होतं, कॅडमियम होतं. ती जमिनीत पुरायला कुठलंच गाव तयार होईना. तेव्हा अतळ नावाची कंपनी पुढे आली. किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या वाटेवर समुद्राचा तळ एकदम खाली कोसळतो, हजार-दीड हजार मीटर. तिथे उजेड नाही, लाटा नाहीत. राख सिमेंटच्या पिंपांत भरून तिथे सोडायची. कंपनीची जाहिरात दोनच ओळींची होती: 'खाली गेलेलं खालीच राहतं. अतळ.' दोन हजार चौतीसच्या दिवाळीत ही पिंपं वाहणारं पहिलं सपाट जहाज, बार्ज, गेला. त्यानंतर दर बाराव्या दिवशी एक, न चुकता.

तीन-चार वर्षांनी जाळ्यात कलंडलेले मासे येऊ लागले. जिवंत असायचे, पण एका अंगावर पोहायचे. दहा हातांची माकुलं अशक्त, त्यांची अंडी पांढरीफटक. बायका म्हणायच्या, "पाण्याला काय तरी झालंय." पण मासा विकला जात होता, आणि विकला जाणारा मासा कोण तपासून बघतो?

दोन हजार त्रेचाळीसच्या फेब्रुवारीत डॉ. ऋजुता देवस्थळी वेळंब्याला आली. तिशीची बाई, उन्हाने रापलेली, चालणं घाईचं. तिच्यासोबत शिलाई मशीनएवढं एक यंत्र होतं. त्याला ती खडावाचक म्हणायची. लिलावाच्या ओट्यावर तिने ते मांडलं, आणि घोळीची डोकी मागत ती टोपल्या-टोपल्यांमधून फिरू लागली.

"डोकी कशाला गो? कालवण करायचंय का?" मथुराबायने विचारलं.

"खडे हवेत, मावशी. माशाचा कान आहे तो. त्यानेच त्याला वर-खाली कळतं, तोल राहतो."

"आमचे मासे कलंडतात ते म्हणूनच?"

ऋजुता थबकली. "कलंडतात? केव्हापासून?"

मग ती टोपल्या सोडून मथुराबायजवळच बसली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. झाडाच्या बुंध्यात जशी वर्षाची वलयं असतात, तशी खड्यातही असतात. पण मासा लहान असताना खड्यावर रोज एक पापुद्रा चढतो, कांद्यासारखा. त्या दिवशी माशाच्या अंगात जे गेलं, त्याचा कण त्या पापुद्र्यात अडकतो आणि तिथेच राहतो. हाड झिजतं, मांस बदलतं, खडा बदलत नाही. यंत्र खड्यावरून उजेडाची एक बारीक सुई फिरवतं, निघालेला धूर ओढून घेतं आणि त्यात कुठला धातू किती आहे ते सांगतं. कुठल्या वर्षी, आणि नशीब चांगलं असेल तर कुठल्या दिवशी, तेही.

"पण खालचं विष वर येतं कसं?" मथुराबायने विचारलं. "कंपनी म्हणते खालीच राहतं."

"त्या अंधारात बोटाएवढे मासे राहतात. त्यांच्या पोटाखाली दिवे असतात. किती आहेत माहितेय? जगातल्या सगळ्या जाळ्यांत मिळून येतो त्याच्या कितीतरी पट. ते रोज अंधार पडला की वर येतात, खातात आणि उजाडायच्या आत खाली जातात. रोज, मावशी. त्यांना माकूल खातं. माकूल किनाऱ्याकडे सरकतं. त्याला घोळ खाते."

"आणि घोळ आम्ही."

"हो."

मथुराबायने सून गरोदर असताना तिला नऊ महिने घोळीच्या डोक्याचं सार पाजलं होतं. नात आता चार वर्षांची होती.

ऋजुताची अडचण वेगळी होती. आजच्या घोळीत शिसं आहे एवढं दाखवून भागत नव्हतं. कंपनी म्हणणार, गटारातून आलं, होड्यांच्या रंगातून आलं, पहिल्यापासून आहे. जुने खडे हवे होते, तेही सालवार. असा साठा देशातल्या कुठल्याच प्रयोगशाळेत नव्हता.

"किती जुने?" मथुराबायने विचारलं.

"दहा वर्षं मिळाली तरी पुष्कळ."

मथुराबाय उठली, घरी गेली आणि देव्हाऱ्यातला दोरा घेऊन आली. ऋजुताने गाठी मोजल्या, मग पुन्हा मोजल्या.

"या दोन रिकाम्या का?"

"त्या साली घोळ लागली नाय. मग काय, दुसऱ्याची मागून घालू?"

चौकशी समिती नेमली गेली, कारण अतळचा पहिला परवाना त्या वर्षी संपत होता आणि पुढच्या वीस वर्षांचा मागितला होता. देवाची वस्तू कापायला मथुराबायने नकार दिला, म्हणून समितीने खडे न कापता फक्त वरच्या बाजूची तपासणी ठरवली. दोरा न्यायला समितीची गाडी यायची होती त्या सकाळी मथुराबायने आंघोळ केली, वाटीत तेल घेतलं आणि चाळीसही खड्यांना नव्याने शेंदूर लावला. परक्या दारात देव पाठवायचा, तो उघडाबोडका कसा पाठवणार?

पंधरा दिवसांनी तालुक्याच्या सभागृहात पहिली सुनावणी झाली. अतळतर्फे शिरोळे नावाचे साहेब होते. बोलणं गोड, शर्टाला सुरकुती नाही. त्यांनी अहवाल वाचला आणि चष्मा काढला.

"चाळीसही खड्यांवर शिसं आहे. दोन हजार एकच्या खड्यावरही. तेव्हा अतळ कुठे होती? शिसं शेंदरात असतं, मॅडम. आजींच्या देव्हाऱ्यातलं विष आमच्या नावावर कशाला?"

सभागृह हसलं. वेळंब्याची माणसंही हसली, तेच मथुराबायला लागलं.

"तुमची आजी नाय मी," ती जागेवरूनच म्हणाली.

बाहेर आल्यावर ऋजुता रागावली नाही. तिनेच वरचा शेंदूर साध्या पाण्याने धुतला होता, तो तेलाने बारीक छिद्रांत मुरला असेल हे तिलाही सुचलं नव्हतं. "आत गेलेला नाही तो, मावशी. वरच्या सालीतच आहे. खडा मधोमध कापला, घासून गुळगुळीत केला, की आतली वलयं स्वच्छ दिसतील. पण कापावाच लागेल. प्रत्येक."

दुभंगलेली वस्तू देव्हाऱ्यात राहत नाही. हे ऋजुताला ठाऊक नव्हतं आणि मथुराबायने सांगितलं नाही. ती म्हणाली, "उद्या ये. माझ्यासमोर काप."

घरी रोहिदास वाट बघत होता. रोहिदास म्हणजे तिचा मुलगा, चाळिशीचा, दोन मोठ्या होड्यांचा मालक आणि वेळंब्याच्या मच्छीमार सोसायटीचा चेअरमन.

"आये, हसं झालं तेवढं पुरे. आता थांब."

"थांबू कशाला?"

"समज, तू हरलीस तर हसतील. पण जिंकलीस तर? तू काय सिद्ध करणार हे कळतंय का तुला? वेळंब्याचा मासा विषारी, हे! कंपनी जाईल तेव्हा जाईल. आपला लिलाव दुसऱ्या दिवशी बंद पडेल. साठ होड्या, सहाशे माणसं. त्यांना काय सांगू? माझ्या आयेनं आपल्याच टोपलीत विष दाखवलं?"

"दाखवलं नाय तर ते टोपलीत नसेल का?"

"सगळे खातात गो, काय मेलं का कुणी?"

"तुझी पोर अजून दोन शब्द जोडून बोलत नाय, रोहिदास."

त्याचा चेहरा उतरला. "ते माशानंच झालं हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाय. म्हणून तर विचारायचंय."

रोहिदास त्या दिवसापासून पंचवीस दिवस तिच्याशी बोलला नाही. एकाच घरात राहून, एकाच पंगतीत जेवून. सून पाणी मागायची तेव्हा दोघंही एकदम उठायची आणि एकमेकांना बघून बसायची.

खडे कापायला तीन दिवस लागले. गाठी सुटत नव्हत्या, जाळ्याची गाठ सुटण्यासाठी मारलेली नसतेच. मथुराबायने एकेक पिशवी कातरीने कापली आणि खडा ऋजुताच्या हातात दिला. देताना साल सांगायची आणि सोबत काहीतरी: "सहा. रोहिदासला गोवर होता." "तेरा. आपल्या दोन नंबरच्या होडीची पहिली घोळ." हिऱ्याची पात घर्र आवाज करायची आणि खड्याची दोन शकलं व्हायची. पहिल्या दहा खड्यांना ती दर वेळी हात जोडत होती. पुढे सोडून दिलं. हात दुसऱ्या कामात होते, गाठी कापायच्या होत्या.

उत्तर आलं तेव्हा दोघी ओट्यावर बसल्या होत्या. ऋजुताने पडदा तिच्याकडे फिरवला. चौतिसाव्या गाठीपर्यंतची शिशाची रेघ खड्याच्या आत सपाट होती, ओहोटीच्या वाळूसारखी. शेंदूर फक्त सालीत. पस्तिसाव्या गाठीच्या खड्यात अगदी बाहेरच्या वलयात रेघ उठली. छत्तिसाव्यात त्याच्या आतल्याही. पुढे ती आत आत सरकत गेली. बेचाळिसाव्या गाठीची घोळ सहा वर्षांची होती; तिच्या खड्यात गाभ्यापासूनच शिसं होतं. त्या माशाने स्वच्छ पाणी कधी बघितलंच नव्हतं.

"आणि हे बघा," ऋजुता हळू म्हणाली. गाभ्याजवळची रोजची वलयं तिने मोठी केली. रेघ एके ठिकाणी उंच होत होती, मग उतरत होती, मग पुन्हा उंच. "मोजा."

मथुराबायने बोट ठेवून मोजलं. एक, दोन, तीन. बाराव्यावर उंच. परत मोजलं. पुन्हा बारा.

"बार्ज," ती म्हणाली.

"गटार वेळापत्रकाने वाहत नाही, मावशी."

खाली एक आकडा तांबड्या चौकटीत होता. ऋजुताने तो वाचला नाही, मथुराबायनेच विचारला. ऋजुताने ओट्यावरच्या घोळीचं मांसही तपासलं होतं; त्यात शिसं खाण्याजोग्या मर्यादेच्या साडेतीनपट होतं. लहान मुलांसाठी तर नऊपट.

दुसऱ्या सुनावणीच्या आदल्या दिवशी शिरोळे साहेब घरी आले. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. रोहिदास घरात होता, त्याने खुर्ची दिली.

"ताई," ते या वेळी म्हणाले, "अहवालाची प्रत आम्हालाही मिळाली. छान काम झालंय. पण नीट विचार करा. हा कागद उद्या वाचला गेला तर पहिला आदेश आमच्यावर निघणार नाही. आम्ही वकील लावू, दोन-तीन वर्षं जातील. पहिला आदेश अन्न खात्याचा निघेल, परवाच, तुमच्या ओट्यावर. खडे तुमचे आहेत, तुमच्या घरचे. तुम्ही ते परत मागू शकता. देवाचे म्हणून. कुणी नाही म्हणणार नाही."

रोहिदास आईकडे बघत होता. मथुराबायने बॉक्स उघडला, एक पेढा काढला, वास घेतला आणि परत ठेवला.

"साहेब, तुम्ही मासे खाता?"

"खातो की."

"वेळंब्याची घोळ नेताय का? फुकट देते. पोरांना घाला."

शिरोळे हसले. थोड्या वेळाने उठून गेले. पेढे मथुराबायने त्यांच्या ड्रायव्हरला दिले.

सुनावणीला सभागृह भरलं होतं. साठ होड्यांची माणसं भिंतीला टेकून उभी होती, तोंडं बंद, हातांची घडी. ऋजुताने रेघा दाखवल्या, वलयं दाखवली, बाराचा आकडा दाखवला. समितीच्या अध्यक्ष बाईंनी विचारलं, "हे खडे ज्यांचे आहेत त्यांना काही सांगायचं आहे?"

मथुराबाय उभी राहिली. माईक तिच्या उंचीच्या वर होता, तिने तो खाली ओढला.

"मथुरा नामदेव चोगले. वेळंबे. चाळीस वर्षं मासा विकते. गेली आठ वर्षं मी जो मासा विकला त्यात विष होतं. मना माहीत नव्हतं, पण विकला मीच. माझ्या सुनेला खाऊ घातला, तुम्हाला पण घातला असेल. हे माझ्या नावानं लिहून घ्या."

मागून कुणीतरी ओरडलं, "बस खाली, बाय! आमच्या पोटावर पाय देतेस?"

"तुझ्या पोटात काय हाय तेच सांगतेय, हरिभाऊ!" ती मागे न वळता म्हणाली. मग शिरोळ्यांकडे बघितलं. "साहेबांनी काल सांगितलं, कागद वाचला तर आमचा ओटा आधी बंद होईल. अन्न खात्याची वाट कशाला बघायची? आम्हीच बंद करतो. तुमचं खाली टाकणं आणि आमचं वर विकणं, दोन्ही आजपासून बंद."

सभागृहात गलका उडाला. अध्यक्ष बाई टेबल वाजवत राहिल्या. शेवटी निकाल राखून ठेवला गेला, सहा आठवड्यांसाठी. तोवर जुना परवाना चालू राहील, असंही त्यांनी वाचून दाखवलं. म्हणजे आणखी तीन बार्ज.

दुसऱ्या सकाळी मथुराबाय रिकामी टोपली घेऊन ओट्यावर जाऊन बसली. गिऱ्हाईक आलं की सांगायची, "मासा नाय. खाऊ नका. दुसऱ्याकडूनही घेऊ नका." पहिल्या दिवशी शेजारणींनी तिला शिव्या दिल्या. एकीने पाणी फेकलं. दुसऱ्या दिवशी तिची सून येऊन बाजूला बसली, नातीला मांडीवर घेऊन. ऋजुताने पोरीचं रक्त शिसं तपासायला पाठवलं होतं, त्याचा कागद आला होता. सुनेने तो कुणाला वाचून दाखवला नाही, फक्त टोपलीत उताणा ठेवला, दगड ठेवून. ज्यांना वाचता येत होतं त्या बायकांनी वाचला आणि बाकीच्यांना सांगितला. चौथ्या दिवशी ओट्यावर अकरा टोपल्या रिकाम्या होत्या. आठव्या दिवशी एकही भरलेली नव्हती. हरिभाऊची बायकोही होती त्यात.

त्या संध्याकाळी रोहिदास आईसमोर येऊन उभा राहिला.

"बुधवारी बार्ज पिंपं टाकायला पोचतोय."

"ठाऊक हाय."

"जाळं पाण्यात असलं तर वाट मोठ्या जहाजानं सोडायची असते. समुद्राचा कायदाच तसा हाय. मासा लागो न लागो."

मथुराबायने त्याच्याकडे नीट बघितलं. पंचवीस दिवसांनंतर तो पहिल्यांदा बोलत होता आणि जाळ्याबद्दल बोलत होता.

"किती होड्या येतील?"

"माझ्या दोन. बाकी विचारतो."

"मी पण येणार."

"आये, दोन दिवसांची वाट हाय. बाया इतक्या लांब येत नायत."

"बाया घरी बसून सार शिजवतात, ते बघितलंस ना काय झालं?"

एकेचाळीस होड्या निघाल्या. ऋजुता तिच्या यंत्रासकट होती आणि उलट्या करून करून अर्धी झाली होती. बुधवारी टळटळीत दुपारी होड्या त्या जागी पोचल्या, जिथे पाण्याचा रंग हिरव्याचा काळपट निळा होतो. होड्यांनी एकमेकींत अंतर सोडलं आणि जाळी सोडली, एकामागून एक, चार मैलांची भिंत. जाळ्यांतले मासे काढून परत पाण्यात टाकायचे, असं ठरलं होतं. घरी काहीच न्यायचं नव्हतं.

बार्ज तीनच्या सुमाराला दिसला. राखाडी, लांबट, पिंपांच्या रांगा चढवलेला. तो सरळ येत राहिला. मग भोंगा वाजला. मग वायरलेसवर आवाज आला, "पुढच्या होड्यांनी जाळी काढून वाट द्यावी. आमच्याकडे परवाना आहे."

रोहिदासने वायरलेस उचलला. "जाळं पाण्यात हाय. वाट तुम्ही सोडायची. नियम वाचा."

बार्ज येतच राहिला. इतका जवळ आला की त्याच्या कठड्यावरची माणसं ओळखता येऊ लागली. एकाही होडीने दोर कापला नाही. हरिभाऊ होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, उभा राहून शिव्या घालत होता, या वेळी बार्जला. मग बार्जच्या मागचा फेस कमी झाला. इंजिनाचा सूर खाली आला. जाळ्यापासून दोनशे हातांवर ते धूड थांबलं आणि हलत राहिलं.

वायरलेस बराच वेळ खरखरला. मग तोच आवाज, पण थोडा माणसासारखा. "अहो, किती दिवस बसणार आहात असे?"

रोहिदासने आईकडे बघितलं. तिने वायरलेस हातात घेतला, कुठलं बटण दाबायचं ते विचारलं, आणि दाबलं.

"बसू की. बाजार आम्हीच बंद केलाय, घाई कुणाला हाय?"

मग तिने बटण सोडलं आणि मागे वळून स्टोव्हजवळच्या माणसाला म्हणाली, "भात टाक रे सगळ्यांचा. आणि वर डाळ कर."